अण्णांच्या हातून दोनदा जळालेली मोटर

मागच्या रविवारी अहमदपूरहून कंधारला माहेरी गेले, तर भर सकाळी अण्णांच्या दुकानाचं शटर खाली... रविवारीही ते कधी बंद नसतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं शेतातल्या मोटरी भरतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी वाइंडिंग करतात. आईने सांगितलं, दुकान बंद करायचं म्हणतात, वाइंडिंगचं मशीनसुद्धा विकायला काढलंय.

कारण काय, तर एक इवलीशी मोटर. भंगारवाल्या सलीमभाईंनी हैदराबादच्या लिलावातून आणलेली. अण्णांनी भरली, लावताच जळाली. पुन्हा एकेक वेढा मोजून भरली, पुन्हा जळाली... त्यात नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आता आपल्याला धड मोजताही येत नाही, हे त्यांनी मनाशी पक्कंच केलं होतं. त्यांना असं बसलेलं बघून मला रडूच आलं.

मी फिजिक्सची मास्तरीण. काहीतरी करायचं म्हणून मोटर हातात घेतली. पट्टीवर ११५ व्होल्ट. ते अण्णांनी वाचलं होतं, म्हणून घरच्या २३० व्होल्टच्या लाइनसाठी वेढे दुप्पट केले होते. त्याच्या पुढे ४०० हर्ट्झ... ते कोण वाचतं? आपल्याकडे जन्मभर पन्नासच!

मोटर विमानातली होती.

अण्णांना सांगितलं, आपला करंट सेकंदाला पन्नास फेऱ्या मारतो, विमानातला चारशे. फेऱ्या जास्त, म्हणून तेवढ्याच कामाला लोखंड कमी लागतं, आणि विमानात तर वजन जितकं कमी तितकं बरं. पण तेच कमी लोखंड आपल्या संथ करंटवर पुरत नाही. वाइंडिंग भरमसाट करंट ओढते आणि जळते.

"मग आपल्याकडं का न्हाई चारशे? मोटरी उचलू उचलू कंबर गेली माझी."

मी हसले. विमानात तार इंजिनापासून शेपटीपर्यंत, आपली जाते कोसन् कोस. चारशेवर एवढ्या लांब तारेतच व्होल्टेज फार पडेल... ते त्यांना लगेच पटलं.

मग त्यांनी मोटर हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"म्हंजे वेढे चुकले नव्हते माझे?"

"एकही नाही, अण्णा."

त्यांनी चष्मा पुसला, आणि मशीन घेणाऱ्याला फोन लावला. "मशीन द्यायचं न्हाई आता. मलाच लागतंय."

इतकी वर्षं बारावीला एसी करंटचा धडा मी मार्कांसाठी शिकवत आले. त्या धड्याचे एवढे उपकार कधी होतील, असं वाटलं नव्हतं...