भांडी घासणारे भाऊ

आम्ही धुळ्याला राहत होतो तेव्हा शेजारी एक ख्रिस्ती कारकून राहायचे. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. कचेरीतून आले की ते बाह्या वर सारून अंगणात भांडी घासायला बसत आणि प्रार्थनेची गाणी गुणगुणत. आतून बायकोनं हाक मारली, की त्याच चालीत "आलो, आलो" म्हणत. माझ्या सासूबाई त्यांच्या अहिराणीत हसायच्या, "हाऊ माणूस शे का बाई?" हा पुरुष आहे की बाई, असं.

एकदा मी विचारलं, "भाऊ, रोज तेच काम. कंटाळा नाही येत?"

"येतो की, वहिनी. पण आमच्या येशूनं शिष्यांचे पाय धुतले. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मळणार, हे त्याला ठाऊक असणारच. तरी धुतले."

पुढे मला हिवतापानं गाठलं. सासूबाईंचा हात मोडलेला, त्यामुळे खरकटी भांडी तशीच पडली. संध्याकाळी भाऊ कुंपणापाशी आले.

"अक्का, माझी घासायची राख उरलीय. तुमचीही भांडी घासून देऊ?"

परधर्माच्या माणसाचा हात सासूबाईंनी आजवर आपल्या भांड्यांना लागू दिला नव्हता. मी अंथरुणातून कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी चांगल्या हातानं पातेलं पुढे सरकवलं आणि ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तो एकलाच बठ्ठं काम करी का? ऊठ, पानी वत." नवरा पाणी ओतायला उठला.

थोड्या वेळानं अंगणातून नवऱ्याचा आवाज आला, "ही कढई कशी घासायची हो, भाऊ?"