खंडेनवमीची काठी

दव एवढं पडलं होतं की झेंडूच्या ओळीतून चालता चालता गीतांजलीची सलवार गुडघ्यापर्यंत चिंब झाली. उद्या दसरा, उजाडायच्या आत फुलं अकोल्याच्या बाजारात गेली पाहिजेत, म्हणून ती बापाबरोबर खुडत होती. हात फुलांत, जीव अमरावतीच्या मैदानावर. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी निवड चाचणी. बांबूउडीत ती तीनदा राज्यात पहिली आली होती, पण देशाच्या संघात कधी निवड झाली नाही. आता गुडघा कुरकुरायचा. तिला उडी शिकवणाऱ्या चंद्रभान सरांनी सांगूनच टाकलं होतं, "हे साल शेवटचं धर."

फुलं टेम्पोत चढवून ती घरी आली तर ओसरीत विळे, कुऱ्हाड, वखराची पास ओळीनं मांडलेली. बापानं, सहदेवनं, रात्रीच खंडेनवमीच्या हत्यारपूजेची तयारी केली होती. अन् त्या ओळीत तिची फायबरची काठी, कुंकू लावलेली.

"बाबा, इले काय केलं?"

"घासली. तुई काठी काय हत्यार नाही? चिकटपट्टीचा चिकटा निघेना, मंग इटकरीचा चुरा घेतला, इळ्यानं खरवडली. पाय कशी चकचक करून राहिली!"

तिनं हात फिरवला. बोटाला चरेच चरे लागले. वाकताना अशी काठी चऱ्यातच तडकते. पण बापानं काठीपुढं नारळ फोडला होता. तिनं काठीला हात जोडले.

अमरावतीत सरांनी काठीवरून बोट फिरवलं अन् बाजूला टाकली.

"हवेत दोन तुकडे होतील, अन् एक तुह्या पोटात जाईन."

"माह्यापाशी दुसरी नाही, सर."

सरांनी दुसऱ्याकडून मागून आणलेली काठी पंच्याहत्तर किलोच्या गड्यासाठी बनवलेली. गीतांजली बावन्नची. तिच्या वजनानं काठी वाकलीच नाही. पहिल्या उडीत तिला मागं फेकलं, दुसरीतही तसंच. समोर तीन मीटर, जे ती शाळेत असताना सहज ओलांडायची.

तिसऱ्या उडीआधी ती आपल्या काठीकडे धावली. सर आडव्या पडलेल्या काठीवर जाऊन बसले.

"उठा ना सर! तुटू द्या. एकडाव वर तं जाऊ द्या!"

"नाही उठत."

"पाया पडतो तुमच्या."

"पड. तरी नाही."

पंचानं नाव पुकारलं. ती त्याच परक्या काठीनं पळाली, अन् आडवा दांडा तिच्या छातीवर आला. नावापुढं तीन फुल्या. उंची नाही.

संध्याकाळी सहदेव फाट्यावरच उभा होता. "काय झालं व माय?"

"गुडघ्यानं दगा देला."

"काठीनं तं नाही देला ना?" त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. "पुजून देली होती, म्हून इचारलं."

"नाही बाबा. काठी बेस होती."

तो सुटल्यासारखा हसला. ते हसू तिला पाहवलं नाही.

वावरात मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. "लाईन आली वाट्टे," ती म्हणाली, सलवार खोचली, अन् वांग्याच्या भरल्या वाफ्याचं पाणी मोडून पुढच्या वाफ्यात सोडायला निघाली.