बारवेच्या काठावरचे डोमाजी

माझे वडील डोमाजी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालले. आमच्या जुन्या गावात लग्न असलं की बाहेरची पाहुणेमंडळी हौसेनं बारव बघायला जायची. वडील त्यांना वाट दाखवायचे आणि वरच थांबून चपला राखायचे. पायऱ्या उतरायची आमच्या माणसांना मनाई होती. तरी बारव कुणी बांधली, पाणी कसं कधी आटलं नाही, हे ते असं रंगवून सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हा रोज तिथंच अंघोळ करतो.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. तीन वर्षांनी बाभुळगावच्या उकंडाजींच्या मुलाशी माझं लग्न ठरलं. नव्या रीतीचं लग्न म्हणजे वंदना, हार, दोन शब्द. सकाळीच आटोपलं. हळदीचा घोळ नाही, देवदेव नाही, रुसणंफुगणं नाही. जेवणंही उरकली. पण वैशाखाचं ऊन असं, की सांजेशिवाय बैलगाड्या जुंपता येईनात. एवढ्या पाहुण्यांचं तोवर करायचं काय?

"तुमच्या गावची बारव लय नावाजलेली हाय म्हन्ते. सावलीही भेटन. दाखवा नं, व्याही," उकंडाजी म्हणाले.

वडिलांचा चेहरा उतरला. कायद्यानं मनाई उठली होती, पण आमच्यातलं कुणी अजून खाली गेलं नव्हतं. तिथून कुणी वऱ्हाडाला हाकललं, तर ते बोल सासरी मला जन्मभर ऐकावे लागले असते. म्हणून त्यांनी आधी पडकी वेस दाखवली, मग किल्ल्याची भिंत, मग दर्ग्यामागच्या चिंचा. पाहुणे घामाघूम झाले. शेवटी बारव आलीच.

काठावर चार-पाच गावकरी विड्या ओढत बसले होते. वडिलांनी मुठी आवळल्या. उकंडाजींनी चपला काढल्या, सासूबाई सत्यभामा पदर सावरत उतरल्या, मागोमाग मी आणि सगळे. गावकऱ्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या गप्पांना लागले. कुणी हूं की चूं केलं नाही. मी पायरीवरून हाक मारली, "बा, चाल नं!"

"तू जाय, बाई. मी चपला पाह्यतो."

मला असा संताप आला! आठवलं की अजून येतो. सासूबाईंना मात्र त्यात मुलीच्या बापाची नम्रता दिसली. "हिचा बाप लय भला मानूस. आमच्या चपला राखत उनात उभा राह्यला," असं त्या आल्यागेल्याला कौतुकानं सांगत. मी मान खाली घालून भाकरी थापत राही. काय सांगणार होते त्यांना?

पुढं काही वर्षांनी वडिलांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तेव्हा विचारलंच, "बा, त्या दिवशी काहून नाही उतरला? बरा झाला का जाऊ आपन. गाडी करू."



"कोनी अडवलं असतं तं उतरलो असतो, नलू. मार खाऊन उतरलो असतो. तयारीच केलती मनाची. पन कोनी अडवलंच नाही, अन् मंग पायच उचलेना."

त्याच दुखण्यात ते गेले.