भट्टीवरचं भरीत

ज्याच्या विस्तवावरचं खायला रायपूरहून गाड्या यायच्या, त्या बळीरामची बायको त्याच्या हातचं पाणीही पीत नव्हती. भिलाईतल्या कँप-वनच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

बळीरामचा बाप रेल्वेत गँगमन. आर्वीकडून दुर्गच्या लाइनवर आला आणि इथलाच झाला. बळीराम मात्र लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, हमाली करत मोठा झाला. पुढे जीई रोडवरच्या एका हॉटेलमालकाला परदेशात पाहिलेलं स्टेकहाउस भिलाईत काढायची हौस आली. हौसेला मोल नसतं. विटांची भली मोठी भट्टी बांधली, वर लोखंडी जाळी, खाली बाभळीची लाकडं. आता छत्तीसगडात स्टेक करायचा कशाचा? गाई-म्हशीचं नाव काढायची सोय नव्हती. मग कोंबडी आली, बकरा आला, मासा आला, आणि शेवटी पनीरसुद्धा स्टेक म्हणून ताटात जाऊन बसलं. स्टील प्लांटचे साहेबलोक पोराबाळांसकट काचेपलीकडून ज्वाळांचे फोटो काढत. त्या फोटोंत डोक्याला काळा रुमाल बांधलेला बळीराम हमखास असे. त्याला याचा फार अभिमान होता. का नसावा? टालीवरच्या हमालाचे फोटो कोण काढतं?

वच्छलाच्या गळ्यात माहेराहून आलेली तुळशीची माळ होती. नवऱ्याला ही नोकरी लागली तेव्हा तिनं आकांडतांडव केलं नाही. एवढंच म्हणाली, “काम हाय, कराच लागते. पण माह्या चुलीजवळ येऊ नका.”

तेव्हापासून बळीराम बाहेरच्या नळावर आंघोळ करी, हॉटेलातले कपडे दाराबाहेरच्या दोरीवर टाकी आणि ओसरीत बसून आपल्या वेगळ्या ताटात जेवी. दाराची कडी वाजली की आतून रोज एकच प्रश्न येई, “आंघोळ झाली का जी?” तो हो म्हणाला की दार उघडे. अकरा वर्षांत त्यानं आपल्याच घरात ओसरीपलीकडे, चुलीच्या बाजूला पाऊल टाकलं नाही.

तिचा त्याला राग नव्हता. खुपायची ती दुसरीच गोष्ट. सारं शहर आपल्या भट्टीचं खातं आणि घरची बाई तिच्याकडे नाक मुरडते! एकदा त्यानं नवी कोरी जाळी विकत आणली आणि म्हणाला, “याच्यावर तुह्यासाठी वांगं भाजून आणतो, वेगळं.” ती म्हणाली, “जाळी नवी हाय, विस्तव तोच ना?” जाळी तशीच ओसरीतल्या कपाटावर पडून राहिली.

दोन वर्षांपूर्वी वच्छलाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. लेक रोशनी नांदायला दूर बिलासपूरला. शेजारच्या सिंधुताई माळकरी, म्हणून त्यांच्या हातचं चालायचं. त्या दोन वेळा येऊन दोन घास भरवून जात. बळीराम ओसरीतून बघत बसे. हळूहळू वच्छलाचं खाणं तुटत गेलं. गेल्या हिवाळ्यात तर ती घास तोंडात धरून नुसती बसून राहायची.

त्याच हिवाळ्यात स्टेकहाउस बंद झालं. धुराच्या तक्रारी, रिकाम्या खुर्च्या, आणि मालकाची हौसही फिटलेली. त्या जागी लग्नाचा हॉल होणार होता, तोही शुद्ध शाकाहारी. बळीरामला तिथंच काउंटरमागे उभं राहायचं काम मिळालं. ज्या दिवशी हे कळलं त्याच संध्याकाळी वच्छला कित्येक दिवसांनी स्वतःहून बोलली, “मले भरीत खावं वाटून राहिलं. माहेरी पऱ्हाटीच्या जाळावर भाजत, तसं.”

आता खरं तर दारात तीन विटा मांडून वांगं भाजता आलं असतं. पण बळीरामच्या मनात भट्टीच आली. एकदा, फक्त एकदा, हिनं आपल्या भट्टीचं खावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं भट्टीतली राख उपसली, आतून घासून धुतली आणि चक्क शेणानं सारवली. मॅनेजर रूपेश बघतच राहिला. “काका, पूजा कर रहे हो क्या?”

“हां, वही समझो.”

नवं लाकूड, कपाटावरची ती नवी जाळी, आणि वर पांढरी काटेरी वांगी. साल काळं पडून तडकेपर्यंत तो तिथून हलला नाही. सिंधुताईंनी घरी ती कुस्करून पातीच्या कांद्यात कालवली. वच्छलानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“कुठं भाजलं जी?”

“मरोद्याले, एका ओळखीच्याच्या दारात. तुराट्यांवर.” बळीराम ओसरीतून म्हणाला.

तिनं अख्खी भाकर खाल्ली. बोटं चाटली. “उद्याही आणा जी,” म्हणाली. बळीरामला इतका आनंद झाला की तो उगाच गल्लीच्या टोकापर्यंत चालून आला.

पण दुसऱ्या दिवशी गवंड्यांनी भट्टीचं तोंड विटांनी बुजवलं होतं. मग त्यानं दारातच तीन विटा मांडल्या. वाऱ्यानं जाळ इकडे तिकडे झाला, वांगं वरून करपलं आणि आत कच्चं राहिलं. वच्छलानं घास घेतला आणि थांबली.

“कालचं नोहे हे. कालचं कुठं भाजलं होतं? खरं सांगा.”

अजूनही थाप मारता आली असती. पण बळीरामला त्या क्षणी कौतुक हवं होतं. अकरा वर्षांची भूक होती ती.

“माह्या भट्टीवर,” तो म्हणाला. “शेणानं सारवली होती. लाकूड नवं, जाळी नवी.”

सिंधुताईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.  वच्छला धड असलेला हात गळ्याशी नेऊन माळ ओढू लागली. एका हातानं ती निघेना.

“या इकडं. काढा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“तुले मालूमच नव्हतं. दोष माह्यावर,” बळीराम काकुळतीला आला.

“न समजता खाल्लं त्याचं काही नाही. पण आता समजल्यावरही तेच पाहिजे वाटून राहिलं मले. मंग माळ कायले ठेवू?”

अकरा वर्षांनी बळीरामनं ओसरी ओलांडली, ती यासाठी. माळ तिच्या डोक्यावरून काढताना केसात अडकली.  आपण काय केलं, ते त्याला तेव्हा कळलं.

सिंधुताईंनी पुष्कळ समजावलं. माळ घालून देणारे तिच्या माहेरचे, आर्वीचे बुवा कधीच वारले होते. दुसऱ्या कुणाकडून घ्यायला वच्छला तयार नाही. “तोंड पाहिजे त्याले,” म्हणते. माळ देवापाशी खिळ्याला टांगली आहे. बोलता बोलता तिचा हात गळ्याशी जातो, थांबतो आणि पदर सारखा करून खाली येतो. भरीत तिनं पुन्हा मागितलं नाही.

आता स्वयंपाक बळीराम करतो. तिच्या गळ्यात माळ नाही, म्हणून कसलीच आडकाठी नाही, आणि तोही शुद्ध शाकाहारी हॉलात कामाला. पोळी करपते, वरण खारट होतं. वच्छला ते निमूट खाते. संध्याकाळी कामावरून आला की तो कडी वाजवून दाराबाहेर थोडा उभा राहतो. दार नुसतं लोटलेलं असतं. आतून काही येत नाही. मग तो तसाच, आंघोळ न करता आत जातो, न धुतलेल्या हातानंच घास करतो, तिच्या तोंडाजवळ नेतो आणि वाट बघतो. एकदा तरी तिनं विचारावं, आंघोळ झाली का जी?

ती तोंड उघडते.