तिच्या फोटोतले डोळे कोणाचे

फोटो घरी आला तेव्हा सगळे म्हणाले, छान झाला. मीही म्हणालो, छान झाला. मग जो तो आपल्या कामाला गेला. मी एकटाच त्या फोटोपुढं बसून राहिलो, आणि मला कळलं की हे डोळे काही तिचे नाहीत.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला पाटावर ठेवायला आणि पुढं भिंतीला लावायला फोटो पाहिजे, म्हणून मुलानं चिखलीच्या एका स्टुडिओतून मोठा करून, फ्रेम करून आणला. सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवा शालू नेसवलेला. नाकात नथ, गळ्यात ठुशी, मागं निळं आभाळ. लग्न सोडलं तर तिच्या अंगाला शालू लागला नाही. पण ते चालतं. आमच्याकडं सगळ्यांच्याच भिंतीवर तसे फोटो आहेत. माणूस मेल्यावर श्रीमंत होतो. माझं भांडण शालूशी नव्हतं. बायकोचे डोळे फोटोत उघडे कसे, हे मला कळेना.

कारण ती फोटोत डोळे मिटायची. नेहमी.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म गावच्या पिठाच्या चक्कीत गेला. हौस म्हणावी तर एकच, फोटो काढायची. एका बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याकडून जुना कॅमेरा घेतला होता. पीठ जाऊ नये म्हणून तो बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून वर फळीवर ठेवायचा. बारसं, लग्न, कोणाची नवी बैलजोडी, कोणाचा मुलगा नोकरीला निघाला, की मला बोलावणं. रोल धुऊन आला की ज्याचा फोटो त्याला एक कॉपी, एक माझ्याकडं, आणि नात्यातला असला तर एक सासरवाडीला. लोक दळण न्यायला यायचे तेव्हा पिठाच्या डब्यावर फोटोचं पाकीट ठेवून द्यायचो. आजही कोणाच्या घरी गेलो तर देवाच्या बाजूला माझ्या हातचा फोटो दिसतो.

फोटो जपायचं मला कोणी शिकवलं नाही. चिकट पानांचा अल्बम आणला, त्यात दोन पावसाळ्यांत फोटो असे चिकटले की काढताना चेहरे सोलून आले. तेव्हापासून मी सगळे फोटो सुट्टे, कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवतो आणि सोबत तांदळाची पुरचुंडी. ओल पिठाला आणि फोटोला सारखीच वाईट. निगेटिव्ह वेगळ्या डब्यात. अजून एकही खराब नाही.

तर त्या डब्यात बायकोचे फोटो पुष्कळ. लेकराला मांडीवर घेतलेली, उडीद पाखडताना, बहिणीसोबत, देवळापुढं. आणि सगळ्यांत डोळे मिटलेले. मी ओरडायचो, "मिटले का पुन्हा?" ती म्हणायची, "नाही मिटले." रोल धुऊन आला की मिटलेलेच. मोबाइल आले तरी तेच. सून म्हणायची, "आई, इकडं पाहा," की ही मिटायची. फक्त आधार कार्डावर डोळे उघडे आहेत. तिथला पोरगा तिच्यावर ओरडला होता. तो फोटो मुलानं आधी मोठा करून पाहिला, तर नुसते ठिपके आले.

मग मी मुलाला विचारलं, "स्टुडिओत फोटो कोणता देल्ता?"

"तुम्ही दोघं बसेल हा, चक्कीपुढचा. त्याच्यात आईचं तोंड सरळ आहे."

"अन् डोये?"

"ते करून देतो म्हणला तो. बाबा, आता डोळ्याचं काय काढलं? पाहुण्यायले सांगून झालं."

"करून देतो म्हंजे? डोये का गव्हाचं पीठ हाये, करून द्यायले?"

तो मोटारसायकलला किक मारून दुकानावर निघून गेला. चिखलीला त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे, त्याला वेळ नसतो. मला वेळच वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी फ्रेम टॉवेलात गुंडाळली आणि जीपनं चिखलीला गेलो. स्टुडिओतला पोरगा कानात वायर घालून कॉम्प्युटरपुढं बसला होता. एका नवरदेवाच्या तोंडावरचे फोड पुसून राहिला होता.

"हे डोये कोणाचे लावले?" मी विचारलं.

"काऊन बाबा? खराब दिसून राह्यले का?"

"चांगले दिसून राह्यले. म्हणून तर विचारतो."

"आता आठवत नाही. मिटेल डोयाचे लय फोटो येते. कधी नेटवरचे लावतो, कधी त्याच फोटोतल्या दुसऱ्या माणसाचे. मॅचिंग पाहून."

"नेटवरची म्हंजे कुठली बाई असन ते?"

तो हसला. "बाबा, ते बाई पाहून काय करता आता?"

मला राग नाही आला. खरंच मला जाणून घ्यायचं होतं. कोण्या बाईचे डोळे माझ्या घरात येऊन बसणार, तिला हार घालायचा, तिच्यापुढं घास ठेवायचा, तर ती कोण हे नको का कळायला? आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते डोळे मला ओळखीचे वाटत होते. ते मी कुठंतरी पाहिले होते. नेटवरची बाई मी कुठून पाहणार?

घरी येऊन एका जुन्या पुठ्ठ्याला पानकात्रीनं लांबट खाच पाडली. फोटोवर पुठ्ठा ठेवला की खाचेतून फक्त डोळे दिसतील, बाकी तोंड झाकलेलं. मग डबा उघडला आणि एकेक फोटो घेत बसलो. फ्रेम समोर ठेवून ताळा करायचा.

हे काम फार नवलाचं निघालं. नुसते डोळे पाहिले की आपलं माणूस आपल्यालाच ओळखू येत नाही. माझी आई मला धाकात ठेवणारी बाई होती, पण खाचेतून तिचे डोळे भ्यायलेले दिसले. माझा मोठा भाऊ दारू पिऊन मेला. त्याचे डोळे लहान लेकरासारखे. एका लग्नातली नवरी खाली पाहून लाजते आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो, पण पुठ्ठा ठेवला तर ती तिरप्या नजरेनं कोणाकडं तरी रागानं पाहत होती. इतके फोटो मीच काढले आणि मीच कधी नीट पाहिले नाहीत. सून चहा घेऊन आली आणि तीही बसली. "बाबा, हे कोणाचे? हे सांगा बरं." चहा गार झाला.

पण जुळत कोणाचेच नव्हते. चक्कीपुढचा फोटोही पाहिला. तो मी कॅमेऱ्याचं टायमर लावून काढला होता. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, खटका ओढायचा, मग तो टिर्रर्र करत राहतो तेवढ्यात धावत जाऊन बसायचं. पुठ्ठा बायकोच्या तोंडावर ठेवला. मिटलेले. पुठ्ठा काढून टाकला.

शेवटी मला वाटलं, हे साळीचे असतील. बायकोची धाकटी बहीण, दुसरबीडला दिलेली. दोघींचा चेहरा बराच मिळायचा, आणि स्टुडिओत दिलेल्या पाकिटात एखाद वेळ तिचाही फोटो गेला असेल. फोटोतून जुळत नसलं तर समोर बसवून पाहावं. निघालो एसटीनं, फ्रेम मांडीवर.

साळी दारात शेंगा फोडत बसली होती. मला पाहून उठली. "दाजी! सांगावा नाही, फोन नाही. काय झालं?"

"काही नाही. तुहे डोये पाहायचे आहे."

"अगं माय! या वयात?" तिनं आत नवऱ्याला हाक मारली. "आइकलं का, दाजी माह्ये डोये पाहाले आले."

नवरा आतूनच म्हणाला, "घेऊन जा म्हणा."

मी फ्रेम उघडली, सगळं सांगितलं. ती आधी रडली. मग पदरानं तोंड पुसून समोर बसली, आणि मी तिच्या तोंडापुढं पुठ्ठा धरला. नाही जुळले. तिचे डोळे मोठे, पापण्या जाड. एवढ्या दूर आलो ते फुकट.

तिनं माझ्या हातून पुठ्ठा घेतला. फ्रेमवर ठेवून पाहिलं, बराच वेळ. मग तोच पुठ्ठा उचलून माझ्या तोंडापुढं धरला, आणि हसत सुटली. हसता हसता शेंगांचं सूप लवंडलं.

"दाजी, अहो, हे तर तुमचेच!"

"काय?"

"तुमचेच डोये! डावा पाहा, जरासा बारीक हाये का नाही? तुमचा हाये तसाच."

माझा डावा डोळा बारीक आहे हे मला माहीतच नव्हतं. तिनं खिडकीतला आरसा आणला. मी पुठ्ठा तोंडाशी धरून आरशात पाहिलं, मग फ्रेमकडं, मग आरशात. आरशात सगळं उलटं दिसतं, म्हणून इतकी वर्षं दाढी करूनही मला माझे डोळे सुलटे कसे दिसतात ते ठाऊक नव्हतं. आता फ्रेममध्ये दिसले. त्या पोरानं चक्कीपुढच्या फोटोत बायकोच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचे डोळे काढले, सुरकुत्या पुसल्या, भुवया कोरल्या आणि तिला लावून दिले. मॅचिंग पाहून. आणि मी सगळ्या गोतावळ्याचे डोळे तपासले, पण माझ्या तोंडावर पुठ्ठा ठेवायचं काही सुचलं नाही.

"म्हंजे वर्षश्राद्धाला मी माह्याच पुढं बसणार होतो," मी म्हणालो. "माह्याच फोटोले घास."

"आता काय करता?"

"मिटेल डोयाचाच लावतो. होती तशी."

साळीचं हसणं थांबलं. "नाही दाजी. मिटेल डोयाचा नाही लावत. मयताचा काढल्यावानी दिसते. लोक नावं ठेवतीन."

"ठेवू दे. पण मले एक सांग. ते डोये मिटे काऊन? उजेडानं? का भे वाटे?"

"माहेरी नव्हती मिटत." ती आत गेली आणि एक लहानसा काळा-पांढरा फोटो घेऊन आली. लोणारच्या जत्रेतला, पुठ्ठ्याच्या विमानात बसलेल्या दोघी परकरी बहिणी. बायकोचे डोळे टक्क उघडे. हा फोटो मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे ती मिटायची ते माझ्यापुढंच. माझ्यापुढं लागलेली सवय मोबाइलपर्यंत गेली.

"मग माह्यापुढंच काऊन?"

साळी पदराशी चाळा करत राहिली. "तुमाले सांगू नको म्हणे ते."

"आता कोण रागावणार हाये? सांग."

"तुमी फोटो काढतानी दम कोंडून घेता. गाल फुगवून. हात हलू नाही म्हणून घेत असान. तोंडाले सगळं पीठ, अन् गाल असे." तिनं गाल फुगवून दाखवले. "तिले हसू ये. हसली तर तुमी ओरडान, रोल वाया गेला म्हणून. मंग ते ओठ दाबे अन् डोये मिटून घे. मले म्हणे, डोये उघडे ठेवले तर हसू फुटते."

"अन् टायमरच्या फोटोत? मी तर बाजूले होतो."

"धावत आले असान ना तुमी?"

आलो होतो. एक चप्पल तिथंच राहिली होती, ती फोटोच्या कडेला दिसते.

घरी येऊन मी सगळे फोटो पुन्हा काढले. या वेळी पुठ्ठा डोळ्यांवर ठेवला आणि भिंग घेऊन फक्त ओठ पाहिले. साळी खरं बोलली होती. उडीद पाखडतानाच्या फोटोत खालचा ओठ पार दातांत धरलेला. देवळापुढच्या फोटोत एका बाजूचा गाल वर गेलेला. लेकरू मांडीवर आहे त्यात तर तिच्या खांद्यालाही हसू आलंय, पदर हलून पुसट झालाय. मी तो फोटो वाया गेला म्हणून बाजूला टाकला होता.

मुलाला सांगितलं, दुसरा फोटो करू. तो चिडला.

"बाबा, लोक काय म्हणतीन? झोपेल बाईचा फोटो लावला म्हणतीन."

"माह्या डोयाचा लावला तर काय म्हणतीन?"

"कोणाले समजते ते?"

"मले समजलं ना."

"मग तो फ्रेमचा काय करायचा? फेकून द्यायचा का आता आईचा फोटो?"

"ठेव माळ्यावर. माह्या वेळेले काढ. डोये माह्येच हाये, शालू काढून धोतर नेसव म्हण त्या स्टुडिओवाल्याले."

सून आत तोंड दाबून हसली. सकाळी मुलानंच निगेटिव्ह मागून घेतली. मी म्हटलं, मीच येतो. स्टुडिओतल्या पोराला मी कॉम्प्युटरच्या काचेजवळ बसून सांगितलं, काही पुसू नको, काही लावू नको, फक्त मला बाजूनं कापून टाक. त्यानं तीनदा विचारलं, "नक्की ना बाबा? डोये मिटेल आहे." मी म्हटलं, "ओठ पाहाय, ओठ." त्यानं मोठं करून पाहिलं. मग म्हणाला, "रंग तरी थोडा उजळतो." तेवढं करू दिलं.

वर्षश्राद्धाला तोच फोटो पाटावर ठेवला. सुती पातळ, डोक्यावर पदर, केसांना थोडं पीठ. बायका कुंकू लावायला पुढं येत आणि क्षणभर थांबत. मागं कुजबूज झाली. मला ऐकू आली, सुनेलाही आली.

मग माझा दोस्त आला. लहानपणापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो, जन्मभर त्याचं दळण माझ्याकडं. त्यानं फूल वाहिलं आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं विचारलं, "काऊन बे, झोपेल फोटो लावला वयनीचा?"

"झोपेल नाही. हसू दाबून राह्यली. जवळून पाह्य."

तो गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला. चष्मा वर केला, खाली केला. मागच्या बायकाही वाकल्या.

"हाव बे," तो म्हणाला. "कोणाले हसून राह्यली?"

"मले," मी म्हणालो.