मोठ्याने तपासलेली पाठ

माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे की मी झोपेतसुद्धा रिपोर्ट देते. देत असेनही. नागपूरला मेडिकलला असताना आमचे सर्जरीचे सर पेशंटपाशी उभं करून ओरडायचे, "मनातल्या मनात तपासू नका, तोंडाने तपासा! जे बोलला नाहीत ते तुम्हाला दिसलंच नाही." ती खोड अमेरिकेत ॲन आर्बरला आल्यावरही सुटली नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एक परदेशी शाळामास्तर राहायचे. शिक्षकांची युनियन काढली म्हणून त्यांच्या देशातल्या पोलिसांनी त्यांना कोंडून मारलं होतं. इथे त्यांनी आश्रय मागितला होता. नाही मिळाला, तर पुन्हा त्याच पोलिसांच्या तावडीत. त्यांच्या वकीलबाईंनी मला साक्षीला बोलावलं.

निघताना नवरा म्हणाला, "अगं, कोर्ट आहे ते, तुझी ओपीडी नाही. विचारतील तेवढंच बोल."

डेट्रॉइटच्या त्या खोलीत लिहून घेणारं कोणी नव्हतं, नुसता टेपरेकॉर्डर चालू होता. मास्तरांनी शर्ट काढून पाठ वळवली. जजनी पाहिलं, सरकारी वकिलाने पाहिलं आणि सगळे गप्प. मला कुठलं राहवतंय! मी सुरूच केलं, "डाव्या खांद्याखाली चटक्यांचे गोल डाग, जुने, भरलेले..."

"डॉक्टर, अजून कोणी प्रश्न विचारलेला नाही," जज म्हणाले.

"मग विचारा ना," मी म्हणाले, "माझं व्हायचंय अजून."

वकीलबाईंनी घाईने प्रश्न विचारला आणि मी कमरेवरच्या वळांपर्यंत पोचले.

जजना काही पटलं नाही. असे व्रण कशानेही होतात म्हणे! माझं डोकंच फिरलं. वकीलबाईंनी अपील केलं आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून मला समजावलं, "वरचं कोर्ट कोणालाही बोलावत नाही, पाठ बघत नाही. टेपवरून जे टाइप झालंय तेवढंच वाचतं. तुम्ही बोलला नसता, तर तिथे काहीच नसतं."

हिवाळा गेला, दुसरा आला. पोस्टमन दिसला की मास्तर कोट न घालताच बर्फात धावायचे. अखेर वरच्या कोर्टाने निकाल फिरवला: डॉक्टरांची साक्ष अशी झटकून टाकता येणार नाही, पुन्हा बघा. पुन्हा बघितलं गेलं, आश्रय मिळाला आणि मास्तर इथेच राहिले. आमचे सर्जरीचे सर तेव्हा हयात नव्हते. तरी देवापाशी दिवा लावताना मी त्यांना हात जोडले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

संध्याकाळी मास्तर निकालाची प्रत घेऊन वर आले. माझी साक्ष त्यात जशीच्या तशी होती.

"मी आरशात कधी पाहिलं नाही," ते म्हणाले. "धीरच झाला नाही. तुम्ही वाचून दाखवाल?"

पहिल्या ओळीलाच माझा आवाज गेला. आयुष्यात पहिल्यांदा. मग मास्तरांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतःची पाठ स्वतःच मोठ्याने वाचली, शेवटच्या वळापर्यंत.