आत्याची पेटी

गल्लीच्या टोकाला त्याचं सुतारकामाचं दुकान होतं. दारं, खुर्च्या, कपाटं तो करायचाच, पण चर्चच्या मंडळीतले लोक त्याला ओळखायचे ते शवपेट्यांमुळे. कुणी गेलं आणि चर्चची घंटा संथ वाजू लागली की हा हातातलं काम बाजूला सारून फळ्या काढायला घ्यायचा. घंटेआधी मात्र फळीला करवत लावायची नाही आणि जिवंत माणसाचं माप घ्यायचं नाही, हा बापाने घालून दिलेला दंडक होता. बोलावणं कधी धाडायचं हे प्रभू बघेल, आपण त्यात लुडबुड करायची नाही, असं बाप म्हणायचा.

आई लवकर गेल्यामुळे त्याला आत्याने वाढवलं. रंधा धरायला शिकत होता तेव्हा त्याने तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की तुझी पेटी मीच करणार. आत्या म्हणाली होती, मग तुझा हात बसेपर्यंत मला थांबणं आलं. त्याचा हात बसला, नाव झालं, केस पिकले. आत्या आपली थांबलेलीच. नव्वदी ओलांडून ती खिडकीपाशी पलंगावर पडून असायची, चहा वेळेवर मागायची आणि पाळकसाहेब भेटायला आले की त्यांच्या लांबलेल्या उपदेशाची खिल्ली उडवायची. प्रभूची वेळ आली की जाईन, तोवर चहा तरी धड मिळू दे, एवढंच तिचं मागणं.

घाई झाली होती ती याला. त्याचे हात थरथरू लागले होते. आधी पटाशी निसटली, मग सरळ रेषेत करवत जाईना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हे वाढतच जाणार. दुसरा सुतार म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा खिळ्या. जिथे लाकडात लाकूड बसवायला हवं तिथे तो सरसकट खिळे ठोकायचा, म्हणून यानेच त्याला हे नाव ठेवलं होतं. आत्याला खिळ्याच्या पेटीत निजवायचं या विचाराने याला अन्न गोड लागेना.

रविवारी उपासनेत डोळे मिटल्यावर तो मनातल्या मनात म्हणू लागला, की प्रभू, हात चालतायत तोवर होऊ दे. काय होऊ दे, हे शब्दात मांडायचं तो टाळायचा. एका रविवारी पुढच्या बाकावरची म्हातारी वळून म्हणाली, तुझ्या आत्याला प्रभू अजून खूप वर्षं देवो. सगळे 'आमेन' म्हणाले. याला तेवढं म्हणता आलं नाही. ज्या बाईने आपल्याला वाढवलं तिचं मरण आपण मागतोय हे त्याला तिथे, बाकावर बसल्या बसल्या कळलं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

तरीही त्याच दुपारी त्याने दंडक मोडला. आत्याचा डोळा लागलाय असं बघून त्याने टेप काढली आणि डोक्यापासून पायापर्यंत धरली. हाताच्या थरथरीने टेप कडकड वाजत होती. दोनदा माप चुकलं. तिसऱ्यांदा जमलं तसा तो मागच्या पावली निघाला.

"नीट आलं का रे?" आत्या डोळे न उघडता म्हणाली. "मी पाय सरळ केले होते."

तो पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग सगळं सांगून टाकलं, प्रार्थनेचंसुद्धा.

आत्याने डोळे उघडले. मग म्हणाली, "तुझा हात बसावा म्हणून मी थांबले, असं वाटलं का तुला? मी प्रभूच्या वेळेसाठी थांबलेय. पेटी खिळ्या करेल. तू माझ्यापाशी बस."

"त्याचं काम खरबरीत असतं, आत्या."

"मग घासून दे. घासायला थरथरता हात चालतो."

त्याने टेप खिशात घातली. फळी कापली नाही. रोज दुपारी दुकान बंद करून तो तिच्यापाशी बसू लागला. दोघं उगाच कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. त्याचे हात पेला धरण्याच्याही कामाचे राहिले नाहीत, तेव्हा चहा तीच त्याच्या तोंडाला लावायची आणि निम्मा सांडायची.

एका सकाळी घंटा वाजली ती तिच्यासाठी. तिचे हात याच्या हातात असतानाच ती गेली होती.

खिळ्याने पेटी आणून दुकानात ठेवली. याच्या धाकाने असेल, पण त्याने एकही खिळा वापरला नव्हता. सांधे जरा उघडे होते. याने ते पाहिले. पॉलिश पेपर घेऊन तो खाली बसला आणि जिथे तिचं डोकं येणार होतं तिथली फळी आतून घासू लागला. हात थरथरत होता आणि लाकूड गुळगुळीत होत होतं. दुपार कलली. बाहेर मंडळी जमली होती. खिळ्याने दोनदा घड्याळ पाहिलं आणि शेवटी हळूच म्हणाला, की आता उचलायला हवं.

"थांब जरा," तो म्हणाला. "घाई कुणाला आहे?"